जे करार, १७९४: दुबळ्या देशाने गिळलेला तह

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी,

मागे इथल्या एका चर्चेत कुणीतरी लिहिलं होतं, "अमेरिका जन्मल्यापासून दुसऱ्यांना दमच देत आली आहे." ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा. जन्मल्यानंतरची पहिली तीसेक वर्षं तरी दम देणारे दुसरे होते आणि ऐकून घेणारी अमेरिका होती. त्यातल्या एकाच प्रसंगावर सविस्तर लिहितो. परराष्ट्र धोरण कशाला म्हणतात, हे मला त्या प्रसंगातून कळलं. प्रसंग म्हणजे १७९४ चा ब्रिटनशी झालेला करार. सही करणाऱ्या जॉन जे यांच्या नावाने तो ओळखला जातो.

आधी पार्श्वभूमी. स्वातंत्र्ययुद्ध संपवणारा तह ३ सप्टेंबर १७८३ ला पॅरिसला झाला. अमेरिकेच्या हद्दीतले किल्ले लवकरात लवकर रिकामे करू, असं ब्रिटनने त्यात कबूल केलं होतं. डेट्रॉइट, नायगारा, ऑस्वीगो, मिशिलिमॅकिनॅक या ठाण्यांवर त्यानंतरही तब्बल १३ वर्षं ब्रिटिश निशाण फडकत राहिलं. अमेरिका काय करणार होती? जून १७८४ मध्ये काँग्रेसने फौज ८० माणसांवर आणली होती. त्यांतली ५५ वेस्ट पॉइंटला आणि २५ फोर्ट पिटला, तीही कोठारं राखायला. आरमाराचं शेवटचं जहाज 'अलायन्स' १७८५ मध्ये विकलं. केंद्र सरकारला कर बसवायचा अधिकारच नव्हता. राज्यांपुढे हात पसरायचे, आणि राज्यं देतील तेवढं घ्यायचं.

ब्रिटनकडेही उत्तर होतं, आणि ते खोटं नव्हतं. युद्धाआधी अमेरिकनांनी ब्रिटिश सावकारांकडून घेतलेली कर्जं वसूल करायला आडकाठी येणार नाही, असं त्याच तहात ठरलं होतं. राज्यांनी, विशेषतः तंबाखूचे मळे असलेल्या व्हर्जिनियाने, ती वसुली अडवून धरली. दोन्ही बाजूंनी तह मोडलेला होता.

१७८९ मध्ये नवी राज्यघटना अमलात आली, वॉशिंग्टन अध्यक्ष झाले, हॅमिल्टन अर्थमंत्री झाले. सरकारचं बहुतेक उत्पन्न आयातीवरच्या जकातीतून येऊ लागलं आणि बहुतेक आयात होती ब्रिटनमधून. म्हणजे ज्या देशाशी भांडण, त्याच देशाच्या मालावर सरकारचा पगार निघत होता. ही गाठ लक्षात ठेवली नाही तर पुढचं काहीच कळत नाही.

फेब्रुवारी १७९३ मध्ये फ्रान्सने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं. फ्रान्सशी अमेरिकेचा १७७८ चा मैत्रीचा तह होता आणि फ्रान्सच्या वेस्ट इंडीजमधल्या बेटांची हमी त्यात अमेरिकेने दिलेली होती. वॉशिंग्टननी २२ एप्रिल १७९३ ला जाहीरनामा काढला: आम्ही कुणाच्याच बाजूने लढणार नाही. त्यात 'तटस्थता' हा शब्द मुद्दाम टाळलेला आहे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ब्रिटनने हुकूम काढला की फ्रेंच बेटांशी व्यापार करणारी जहाजं पकडा. हुकमाची बातमी पोचायच्या आत अडीचशेच्या आसपास अमेरिकन जहाजं कॅरिबियनमध्ये अडकली. खलाशी उघड्यावर आले. तेव्हाच्या राजधानीत, फिलाडेल्फियात, युद्धाची भाषा सुरू झाली.

वॉशिंग्टननी युद्धाऐवजी वकील, म्हणजे राजदूत, पाठवला. जॉन जे त्या वेळी देशाचे सरन्यायाधीश होते, १७८३ च्या तहावर सही करणाऱ्यांपैकी एक. सिनेटने १८ विरुद्ध ८ मतांनी मान्यता दिली. लंडनमध्ये ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री लॉर्ड ग्रेनव्हिल यांच्याशी महिनोन्‌महिने बोलणी झाली आणि १९ नोव्हेंबर १७९४ ला सह्या झाल्या.

मिळालं काय? १ जून १७९६ पर्यंत किल्ले सोडण्याचं वचन, पकडलेल्या जहाजांची भरपाई लवादाकडून, जुन्या कर्जांसाठी आणि सीमेसाठी वेगळे लवाद, ब्रिटिश हिंदुस्थानातल्या बंदरांशी व्यापाराची परवानगी. मिळालं नाही ते याहून जास्त बोचणारं. भर समुद्रात अमेरिकन जहाजांवरून खलाशी ओढून नेऊन ब्रिटिश आरमारात कोंबण्याबद्दल एक अक्षर नाही. 'तटस्थ जहाजावरचा मालही तटस्थ' हे तत्त्व अमेरिकेने व्यवहारात सोडून दिलं. आणि वेस्ट इंडीजशी व्यापार करायचा तर ७० टनांपर्यंतच्याच जहाजांनी, वर साखर, कॉफी, काकवी, कोको, कापूस अमेरिकन जहाजांतून बाकी जगाला विकायचं नाही ही अट.

करार ७ मार्च १७९५ ला फिलाडेल्फियात पोचला आणि तीन महिने कुलपात राहिला. जूनमध्ये सिनेटने बंद दाराआड २० विरुद्ध १० मतांनी, वेस्ट इंडीजचं कलम बाजूला ठेवून, तो मंजूर केला. घटनेला दोन तृतीयांश लागतात. बरोबर तेवढीच मतं पडली, एकही जास्त नाही. मग व्हर्जिनियाच्या एका सिनेटरने मजकूर वर्तमानपत्राला दिला आणि देश पेटला. गावोगाव जे यांचे पुतळे जाळले गेले. न्यूयॉर्कमध्ये कराराच्या बाजूने बोलायला उभ्या राहिलेल्या हॅमिल्टनवर दगड आले. वॉशिंग्टननाही करार आवडलेला नव्हता. तरी ऑगस्टमध्ये त्यांनी सही केली.

माझं म्हणणं एवढंच: ही सही त्या पिढीची सर्वांत अवघड आणि सर्वांत योग्य सही होती. १७७६ च्या जाहीरनाम्यावर सही करताना लोक तुमच्या मागे होते, इथे समोर उभे होते. तुमची मतं वाचायची आहेत.

---

कृष्णाकाठ

लेख आवडला, पण एक गोष्ट मला खटकते. फ्रान्सचं काय? स्वातंत्र्ययुद्धात यॉर्कटाउनला फ्रेंच आरमारप्रमुख द ग्रासचं आरमार चेसापीकच्या उपसागराच्या तोंडाशी उभं राहिलं नसतं तर ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस समुद्रमार्गे निसटला असता. फ्रान्सने पैसा ओतला, त्या कर्जाने त्यांचा खजिना आणखी खंगला, आणि दहा वर्षांत त्यांच्याकडे राज्यक्रांती झाली. ज्याने हात दिला त्याच्या शत्रूशीच करार! याला मी तरी शहाणपण म्हणणार नाही.

---

पाटीपेन्सिल

कृष्णाकाठ, हाच प्रश्न वॉशिंग्टनच्या मंत्रिमंडळातही होता. हॅमिल्टनचं म्हणणं, तह सोळाव्या लुईशी झाला होता, त्याचं डोकं उडवलं, तह स्थगित समजा. तेव्हाचे परराष्ट्रमंत्री जेफरसन म्हणाले, तह राजाशी नसतो, देशाशी असतो, राज्यव्यवस्था बदलली म्हणून तो बुडत नाही. वॉशिंग्टननी जेफरसनचं ऐकलं. तह कायम राहिला, फ्रान्सच्या नव्या वकिलाचं स्वागतही झालं. आणि फ्रान्सने १७९३ मध्ये बेटांच्या हमीचं कलम लावून अमेरिकेला युद्धात उतरायला सांगितलंच नाही. धान्य पुरवणारा तटस्थ मित्र त्यांना जास्त उपयोगाचा होता. त्यामुळे अमेरिकेला 'कृतघ्न' म्हणणं मला जड वाटतं.

---

आर्या_सदाशिव

त्या नव्या वकिलाची गोष्ट सांगितल्याशिवाय हा धागा पुढे जाऊ नये :) एडमंड जने. एप्रिल १७९३ मध्ये चार्ल्सटनला उतरला आणि राजधानीत जाऊन ओळखपत्र देण्याआधीच अमेरिकन बंदरांतून ब्रिटिश जहाजं लुटायला गलबतं सज्ज करू लागला. लोक त्याला डोक्यावर घेऊन नाचत होते. त्याला वाटलं, वॉशिंग्टनना ओलांडून थेट जनतेकडे जाता येईल. एक पकडलेलं जहाज तर त्याने ऐन फिलाडेल्फियात तोफा चढवून, जाणार नाही असं वाटायला लावून, समुद्रात पाठवलं. शेवटी त्याचा मित्र समजला जाणारा जेफरसनही वैतागला आणि त्याला परत बोलवा असं पत्र फ्रान्सला गेलं.

तोवर पॅरिसमध्ये सत्ता बदलली होती. नव्या सरकारने त्याच्या अटकेचा हुकूम काढला. परत गेला असता तर गिलोटिन. ज्यांना त्याने एवढा त्रास दिला त्या वॉशिंग्टननीच त्याला आश्रय दिला. न्यूयॉर्कच्या गव्हर्नर क्लिंटन यांच्या मुलीशी त्याने लग्न केलं आणि उरलेलं आयुष्य तिथेच शेती करत काढलं. ते आश्रय देणं मला फार मोठं वाटतं.

---

दर्यावर्दी

मी तीस वर्षं व्यापारी जहाजांवर काढली, म्हणून खलाशांच्या बाजूने लिहितो. पाटीपेन्सिल, तुम्ही 'एक अक्षर नाही' असं एका वाक्यात उरकलंत. त्या एका वाक्यात माणसं आहेत.

ब्रिटिश आरमारावर पगार कमी, शिक्षा कडक आणि युद्ध संपेपर्यंत सुटका नाही. त्यामुळे त्यांचे खलाशी पळून अमेरिकन जहाजांवर यायचे, तिथे मजुरी चांगली मिळायची. मग ब्रिटिश जहाज मध्येच अडवायचं, सगळ्यांना डेकवर उभं करायचं आणि 'हा आमचा' म्हणून बोट दाखवायचं. बोली तर दोघांची एकच. 'जन्माने ब्रिटिश तो मरेपर्यंत ब्रिटिश' हा त्यांचा कायदा, त्यामुळे अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असलं तरी उपयोग नाही. १७९६ पासून अमेरिकन सरकार खलाशांना नागरिकत्वाचे दाखले देऊ लागलं. ब्रिटिश अधिकारी ते खोटे म्हणून फेकायचे, आणि बाजारात काही दाखले खरंच खोटे विकले जायचे. १८१२ च्या युद्धापर्यंत असे हजारो लोक ओढून नेले गेले. तोफेच्या तोंडी दुसऱ्याच्या युद्धात उभं राहायचं, घरी पत्र जाईल याची खात्री नाही. वॉशिंग्टननी वेळ विकत घेतला असं तुम्ही म्हणाल. त्याची किंमत या लोकांनी दिली आणि त्यांना कुणी विचारलं नाही.

७० टनांबद्दलही सांगतो. कोकण किनाऱ्यावरच्या मोठ्या फत्तेमाऱ्यासुद्धा याहून मोठ्या असत. असल्या होडक्याने अटलांटिक किनाऱ्यावरून वेस्ट इंडीजला जाऊन फायदा काढा, असं सांगणं म्हणजे नको म्हणण्यासारखंच. ते कलम सिनेटने टाकलं हे बरं केलं.

मात्र हिंदुस्थानचं १३ वं कलम चांगलं होतं. 'युनायटेड स्टेट्स' नावाचं अमेरिकन जहाज डिसेंबर १७८४ मध्येच पाँडिचेरीला पोचलं होतं. १७९२ मध्ये वॉशिंग्टननी बेंजामिन जॉय यांना कलकत्त्याला वाणिज्यदूत नेमलं. ते १७९४ मध्ये पोचले, तर कंपनी सरकारने दूत म्हणून मान्यता द्यायला नकार दिला, व्यापारी प्रतिनिधी म्हणून राहू दिलं. जे करारामुळे निदान व्यापाराला कागदाचा आधार आला. किनाऱ्यावरचा बंदर-ते-बंदर व्यापार करायचा नाही, इथला माल थेट अमेरिकेतच न्यायचा, अशा अटी होत्या. तरी सेलम आणि बॉस्टनच्या जहाजांची कलकत्त्याला रीघ लागली. जायचं चांदीची नाणी घेऊन, यायचं सुती कापड भरून.

---

पाटीपेन्सिल

दर्यावर्दी काका, तुमचं बरोबर आहे. मी ते वाक्य उरकलं, हे कबूल. जे यांनी हा मुद्दा लंडनमध्ये काढला होता, पण फ्रान्सशी जीवनमरणाचं युद्ध चालू असताना ब्रिटन खलाशांवरचा हक्क सोडणार नव्हतं. १८०६ मध्ये मन्रो आणि विल्यम पिंकनी यांनी पुन्हा करार आणला, त्यातही हे नव्हतं, म्हणून तेव्हा अध्यक्ष असलेल्या जेफरसननी तो सिनेटपुढे ठेवलाच नाही. १८१२ मध्ये याच कारणासाठी युद्ध झालं, वॉशिंग्टन शहर जळलं, आणि १८१४ च्या गेंटच्या तहात पुन्हा याबद्दल अक्षर नाही. युरोपातलं युद्ध संपल्यावर ब्रिटनला खलाशांची गरज उरली नाही, म्हणून ओढून नेणं थांबलं.

---

बखरवाला

इथे आपल्याकडचा संदर्भ आणल्याशिवाय राहवत नाही, आणि तो ओढूनताणून नाही. १७७७ मध्ये सेंट ल्युबिन हा फ्रेंच माणूस पुण्यात आला, नाना फडणिसांनी त्याला ठेवून घेतलं, तेव्हा मुंबई आणि कलकत्त्याच्या इंग्रजांची झोप उडाली. पुढच्याच वर्षी फ्रान्स अमेरिकेच्या युद्धात उतरला. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांनी इंग्रजांना शरण आणलं तेव्हा इंग्रज तिकडे अमेरिकेतही अडकलेले होते. सालबाईचा तह मे १७८२ चा, पॅरिसचा सप्टेंबर १७८३ चा. एकाच साम्राज्याच्या दोन टोकांना एकाच वेळी फास बसलेला होता. यॉर्कटाउनला शरण गेलेला कॉर्नवॉलिस पाच वर्षांत गव्हर्नर जनरल होऊन इकडे आला, आणि १७९२ ला श्रीरंगपट्टणासमोर हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन त्याच्याच बाजूने उभे होते.

आता तारखा पाहा. जे करार फिलाडेल्फियात पोचला ७ मार्च १७९५ ला. खर्ड्याची लढाई ११ मार्च १७९५ ची. त्या आठवड्यात बघणाऱ्याला विचारलं असतं की या दोन सत्तांपैकी कुणाचं भविष्य जास्त पक्कं, तर कुणीही पुण्याकडे बोट दाखवलं असतं. आठ वर्षांत वसईचा तह झाला होता. अमेरिकेनेही ब्रिटनशी नमतं घेऊन तह केला, दुसऱ्या बाजीरावानेही केला. एक टिकली आणि एक बुडाली. फरक कुठे पडला, यावर लिहा.

---

कृष्णाकाठ

बखरवाला, फरक कलमांतच आहे. वसईच्या तहात इंग्रजांची कायमची फौज, तिच्या खर्चाला मुलूख, आणि दुसऱ्या सत्तांशी इंग्रजांना विचारल्याशिवाय बोलायचं नाही. जे करारात ब्रिटिश फौज देशातून बाहेर जाणार होती. एकात फौज आत आली, एकात बाहेर गेली.

---

पाटीपेन्सिल

कृष्णाकाठनी नेमकं सांगितलं. त्यात एकच भर घालतो. बाजीराव पुणं सोडून पळालेला असताना त्या तहावर आला. वॉशिंग्टनपुढे सिनेट होतं, प्रतिनिधीगृह होतं, शिव्या घालणारी वर्तमानपत्रं होती. प्रतिनिधीगृहाने बोलण्यांची कागदपत्रं मागितली, ६२ विरुद्ध ३७ मतांनी. वॉशिंग्टननी नाही म्हटलं, तह करणं अध्यक्ष आणि सिनेटचं काम आहे. मग प्रतिनिधीगृहाने करार अमलात आणायला लागणारा पैसा अडवायचं ठरवलं. महिनाभर वाद झाला. मॅसॅच्युसेट्सचे फिशर एम्स आजारी, उभं राहायची ताकद नाही, तरी ते बोलले: हा करार मोडला तर सीमेवरच्या वस्त्यांवर काय ओढवेल ते डोळ्यांपुढे आणा. ३० एप्रिल १७९६ ला ५१ विरुद्ध ४८ मतांनी पैसा मंजूर झाला. त्याआधीच्या फेरीत समसमान मतं पडली होती आणि अध्यक्षस्थानी असलेल्या म्युलेनबर्ग यांनी आपलं मत कराराच्या बाजूने टाकलं. पुढे त्यांची खासदारकी गेली. दीड-दोन मतांच्या अंतराने वाचलेला करार, पण वादातून भाजून निघालेला.

---

आर्या_सदाशिव

हॅमिल्टननी पाय ओढला तो मुद्दा राहिला. स्वीडन आणि डेन्मार्क तटस्थ देशांचा सशस्त्र गट उभा करत होते. अमेरिका त्यात येईल ही भीती जे यांच्या हातातला एकमेव हुकमी पत्ता. हॅमिल्टननी ब्रिटिश वकील हॅमंडला सरळ सांगून टाकलं की आम्ही त्या गटात जाणार नाही. हॅमंडने ते लंडनला कळवलं. आपल्याच वकिलाचे पत्ते समोरच्याला दाखवायचे, याला काय म्हणायचं?

---

पाटीपेन्सिल

ते चुकलंच, आर्याताई. त्याने कलमांत किती फरक पडला यावर वाद आहे, कारण तोवर बरंचसं ठरलं होतं. पण अर्थमंत्र्याने परराष्ट्रमंत्र्याच्या मागे परक्या वकिलाशी असं बोलणं कुठल्याही देशात चूकच.

---

ओंटारिओकाठ

मी बफेलोत राहते. घरापासून तासाभराच्या आत ओल्ड फोर्ट नायगारा आहे, नदी ओंटारिओ सरोवराला मिळते तिथे. फ्रेंचांनी १७२६ मध्ये बांधलेली दगडी इमारत अजून उभी आहे. ऑगस्ट १७९६ मध्ये इथून ब्रिटिश शिबंदी निघाली आणि पलीकडच्या काठावर जाऊन बसली. मराठी पाहुणे आले की धबधब्यानंतर मी त्यांना इथे आणते. बुरुजावरून पलीकडचा कॅनडा दिसतो. केवढ्याशा अंतरासाठी तेरा वर्षं भांडण!

पण या धाग्यात ज्यांची जमीन होती त्यांचं नाव कुणी घेतलं नाही. ओहायोच्या खोऱ्यातल्या मायामी, शॉनी, डेलावेअर लोकांनी नोव्हेंबर १७९१ मध्ये अमेरिकन सेनापती सेंट क्लेअरच्या फौजेचा धुव्वा उडवला. सहाशेवर सैनिक मेले. अमेरिकन फौजेचा मूलनिवासींकडून झालेला हा सर्वांत मोठा पराभव. त्यांना ब्रिटिशांनी बंदुका दिल्या, आशा दिली. २० ऑगस्ट १७९४ ला, जे लंडनमध्ये बोलणी करत असताना, फॉलन टिंबर्सला ते अमेरिकन सेनापती वेनच्या फौजेकडून हरले आणि मागे हटत जवळच्या ब्रिटिश किल्ल्यापाशी आले. किल्ल्याने दरवाजे बंद केले. पुढच्या वर्षी ग्रीनव्हिलच्या तहात ओहायोचा बहुतेक भाग त्यांच्या हातून गेला. लंडनच्या टेबलावर त्यांचा एकही माणूस नव्हता.

त्यांच्यासाठी करारातलं एकच कलम आहे, तिसरं. सीमेच्या दोन्ही बाजूंना त्यांनी मोकळेपणी ये-जा करावी, स्वतःच्या सामानावर जकात नको. आणि हे कलम मेलेलं नाही. कॅनडात जन्मलेल्या मूलनिवासी माणसाला अमेरिकेत येऊन राहायचा आणि काम करायचा हक्क आजही आहे, आणि लोक त्याला जे कराराचा हक्कच म्हणतात. माझ्या ऑफिसात एक मोहॉक सहकारी आहे. आम्ही सगळे व्हिसाच्या तारखा मोजत होतो तेव्हा ती म्हणाली, "माझा कागद १७९४ चा आहे." या धाग्याला उत्तर देताना तिचंच वाक्य मनात होतं.

---

कृष्णाकाठ

ओंटारिओकाठ ताई, हे माहीत नव्हतं. धन्यवाद. आणखी एक गट: गुलामगिरीतून ब्रिटिशांकडे पळून आलेले लोक. १७८३ मध्ये ब्रिटिशांनी न्यूयॉर्क सोडताना अशा सुमारे ३,००० जणांना सोबत नेलं. मालकांना त्यांची भरपाई हवी होती. जे यांनी ती मागणी लंडनमध्ये सोडून दिली. दक्षिणेच्या रागाचं हे एक मोठं कारण. जे स्वतः गुलाम बाळगून होते, पण न्यूयॉर्कमधल्या गुलाममुक्तीच्या संस्थेचे पहिले अध्यक्षही तेच. एकदा स्वतंत्र झालेल्या माणसाला परत गुलामीत पाठवणं चूक आहे, असं त्यांनी १७८६ मध्येच लिहिलं होतं. आपण ज्याला पडतं घेणं म्हणतोय, त्यातलं हे एक पडतं घेणं मला मनापासून पटतं. सुरुवातीचं माझं मत तेवढ्यापुरतं बदलतो.

---

दर्यावर्दी

मग फायदा काय झाला तेही कुणी आकड्यांत लिहा.

---

पाटीपेन्सिल

लिहितो, काका. लवादाने पकडलेल्या जहाजांसाठी अमेरिकन व्यापाऱ्यांना एक कोटी डॉलरहून जास्त मिळाले. जुन्या कर्जांपोटी अमेरिकेने १८०२ मध्ये एकरकमी ६ लाख पौंड द्यायचं ठरलं. स्पेनला वाटलं, हे दोघे एक झाले तर आपली लुइझियाना जाईल, म्हणून ऑक्टोबर १७९५ मध्ये त्याने मिसिसिपी नदी अमेरिकनांना खुली केली आणि न्यू ऑर्लिन्सला माल उतरवायची मुभा दिली. हे जे यांनी मागितलंही नव्हतं. अमेरिकेची निर्यात १७९२ मध्ये २ कोटी डॉलरच्या आसपास होती, १८०७ मध्ये १० कोटी ८० लाख. त्यात युरोपातल्या युद्धाचा मोठा हात आहे, पण त्या युद्धात स्वतः उतरला असता तर हा व्यापार त्या देशाच्या वाट्याला आला नसता. लोकसंख्या १७९० मध्ये ३९ लाख, १८१० मध्ये ७२ लाख.

तोटाही लिहितो. फ्रान्स चिडला आणि १७९७ च्या मध्यापर्यंत त्यांनी तीनशेवर अमेरिकन जहाजं पकडली. फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री तालेरां यांच्या माणसांनी अमेरिकन वकिलांकडे भेटीआधीच ५०,००० पौंडांची लाच मागितली. दोन वर्षं समुद्रावर न पुकारलेलं युद्ध चाललं. सप्टेंबर १८०० मध्ये समेट झाला आणि १७७८ ची ती मैत्री कागदावरूनही गेली. त्यानंतर अमेरिकेने अमेरिका खंडांबाहेरच्या देशांशी लष्करी मैत्रीचा कायमचा तह केला तो थेट १९४९ मध्ये, नाटोचा.

---

आर्या_सदाशिव

एक छोटी दुरुस्ती, या धाग्यात कुणी लिहिलं नाही पण सर्रास लिहिलं जातं म्हणून. 'गुंतवणाऱ्या मैत्र्या नकोत' हे शब्द वॉशिंग्टनचे नाहीत, जेफरसनच्या १८०१ च्या भाषणातले आहेत. वॉशिंग्टननी सप्टेंबर १७९६ च्या निरोपाच्या पत्रात कायमच्या मैत्र्या टाळा, प्रसंगापुरत्या करायला हरकत नाही, असं लिहिलं. आणि ते पत्र छापून आलं तेव्हा शेवटचा ब्रिटिश शिपाई किल्ल्यांतून नुकताच निघाला होता.

---

ओंटारिओकाठ

पुढच्या उन्हाळ्यात कुणी इकडे येणार असाल तर कळवा. किल्ल्यावर घेऊन जाईन. दर्यावर्दी काका, तुम्हाला खास आमंत्रण, नदीच्या मुखाशी पाण्याची ओढ कशी आहे ते तुमच्याकडून ऐकायचं आहे.

---

दर्यावर्दी

मुलगी टोरांटोला आहे, जूनमध्ये येतोय. नक्की येईन.